कोपर टेकायची जागा

योसिना मानोसोला समुद्राची भीती कधी वाटली नव्हती. लेंबेह बेटावर जन्मलेल्या माणसाला ती वाटून चालतही नाही. आमच्याकडे पोर ज्या महिन्यात चालायला शिकतं त्याच महिन्यात बुडी मारायलाही शिकतं. योसिनाला खरी भीती भेटली ती चव्वेचाळिसाव्या वर्षी, आणि तीही समुद्रात नाही तर चर्चमध्ये, भर सकाळी, नवा निळा झगा अंगात असताना.

त्या रविवारी बायकांच्या मंडळातर्फे वचन वाचायची पाळी तिची होती. ती उभी राहिली, पुस्तक उघडलं, आणि बघते तर पानावरची अक्षरं गुळाला लागलेल्या मुंग्यांसारखी एकमेकांत शिरलेली. तिने पुस्तक जरा लांब धरलं. आणखी लांब धरलं. मग हात संपला. समोर अख्खं गाव बसलेलं. लहानपणापासून शंभरदा ऐकलेलं ते वचन तिने तोंडपाठ म्हणून टाकलं आणि मधे एकदा पान उलटल्याचं नाटकही केलं. बाहेर म्हाताऱ्या म्हणाल्या, "योसिना वाचते तेव्हा कसं स्वच्छ कळतं." ती हसली. वचन दिसलं नाही तर पाठ म्हणता येतं. रेती कशी पाठ म्हणायची?

कारण योसिना रेती वाचूनच जगत होती. आमच्या सामुद्रधुनीचा तळ काळ्या रेतीचा. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, इथे आहे काय? बाटल्या, फाटकी पोती, एखादा टायर. तरी अर्ध्या जगातून माणसं इथे येतात, पाठीवर हवेच्या टाक्या बांधून चाळीस-पन्नास फूट खाली उतरतात, आणि नखाएवढे जीव बघून खुळावल्यासारखी वर येतात. त्यांना ते जीव स्वतःला सापडत नाहीत. ते गाईडने शोधायचे. आणि सगळ्यांना हवं असतं ते रंगीत म्हाकूळ. दोन बोटं लांब. शांत असलं की रेतीच्या ढेकळासारखं मातकट, तळावर हळूहळू चालत जाणारं, पोहायचासुद्धा कंटाळा. पण बिथरलं की अंगावर जांभळ्या, पिवळ्या, पांढऱ्या लाटा धावतात आणि सोंडांची टोकं लालभडक होतात. पाहुणे म्हणतात, नाचतंय. आपण काही बोलत नाही. पाहुण्यांचा आनंद मोडू नये.

योसिना सव्विसाव्या वर्षी गाईड झाली तेव्हा अख्ख्या बेटावर बाई गाईड नव्हती. "बाईने मासे सुकवावेत, दाखवायला कशाला जायचं?" असं तिच्या तोंडावर म्हणणारे होते. त्यांची तोंडं तिने बोलून नाही, बघून बंद केली. दुसऱ्याला जिथे कचरा दिसे तिथे तिला तीन जीव दिसत. दोन वर्षांत लोक तिला ससाणी म्हणू लागले, आणि तिला ते मनापासून आवडायचं.

आता ससाणीला चमच्यातला भात धूसर दिसत होता.

तुम्ही म्हणाल, मग चष्मा लावायचा. पाण्यातल्या मुखवट्याला आतून चिकटवायची भिंगं मिळतात, महागही नसतात. हे योसिनाला कळत नव्हतं थोडंच. पण तिने तिच्या काकाचं बघितलं होतं. होसेआकाकाने तिला हा धंदा शिकवला. त्याने एक दिवस सरळ मनाने रिसॉर्टच्या मालकिणीला सांगितलं, की बाई, मला जवळचं कमी दिसतं. पुढच्या सोमवारी तो पाहुण्यांचे रबरी कपडे खळबळायच्या हौदाशी उभा होता. त्याला नऊ वर्षं झाली. अजून तिथेच आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून हसतो. आणि भिंगं घ्यायची तर पलीकडे बितुंग शहरातल्या दुकानातून घ्यायची, आणि दुकान नोल्डीच्या सासूचं. नोल्डी म्हणजे रिसॉर्टवरचा दुसरा गाईड, तिच्याहून बारा वर्षांनी लहान. सकाळी भिंग घेतलं तर दुपारपर्यंत चुलीपाशी बसलेल्या म्हातारीलासुद्धा त्याचा नंबर कळला असता.

म्हणून तिने झाकली मूठ ठेवली. सात महिने.

ते सात महिने कसे गेले ते तिचं तिला ठाऊक. रोज सकाळी उठलं की आधी ती हाताचा पंजा डोळ्यांसमोर धरायची. रेषा दिसतात का बघायची. दिसत नसत. नोल्डी सहज म्हणाला, "तांता, हे काय आहे बघ," तरी तिचं धाबं दणाणायचं. नोल्डी तिला तांता, म्हणजे मावशी म्हणतो, सगळेच म्हणतात. त्याच्या प्रत्येक साध्या प्रश्नात तिला परीक्षा दिसायची. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

लांबचं तिला लख्ख दिसत होतं. त्याच्या जोरावर ती तळ पाठ करून चालायची: टायर, तिथून चार हातांवर पोतं, पोत्याच्या डावीकडे गंजका नांगर. रंगीत म्हाकुळाची मादी नारळाच्या करवंटीखाली अंडी घालते, म्हणून तिने स्वतः ठिकठिकाणी करवंट्या पालथ्या घालून ठेवल्या होत्या. म्हाकूळ दिसो न दिसो, करवंटी तरी दिसते. तिच्या आसपास कुठेतरी ते असणार. पण आसपास म्हणजे कुठे? समोर रेतीची दहा ढेकळं, त्यातलं जिवंत कुठलं?

तेव्हा तिने ते केलं जे करायचं नसतं. आमच्या गाईडांकडे हातभर लांबीची एक सळई असते. ती रेतीत रोवून तोल सांभाळायचा आणि लांबून दाखवायचं. जिवाला लावायची नाही. योसिनाच नव्या पोरांना दम भरायची, "कुणाला डिवचलंस तर सळई काढून घेईन, आणि पुन्हा मिळणार नाही." त्याच योसिनाने एका सकाळी पाहुण्यांकडे पाठ करून सळईने रेती ढवळली. एक ढेकूळ जांभळं झालं. पिवळं झालं. सोंडा वर उचलून थरथरायला लागलं. तिला दिसलं. पाहुणे टाळ्या वाजवल्यासारखे हात हलवायला लागले, आणि तिला मुखवट्याच्या आत रडू आलं. तिची भीती लपावी म्हणून त्या दोन बोटांच्या जिवाला घाबरवायचं, हा तिचा रोजचा धंदा झाला.

पण याहून वाईट गोष्ट होती ती कोपराची.

फोटो काढणारा पाहुणा तळावर आडवा होतो आणि एक कोपर रेतीत टेकतो, म्हणजे कॅमेरा हलत नाही. ते कोपर कुठे टेकायचं हे पाहुण्याने ठरवायचं नसतं. गाईडने आधी ती जागा डोळ्यांत तेल घालून बघायची, आणि सळईने दोनदा ठोकायची. टक, टक. मग पाहुण्याने तिथेच कोपर टेकायचं, बोटभर इकडे नाही की तिकडे नाही. ही आमच्याकडची रीत आहे आणि ती उगाच पडलेली नाही. त्या रेतीत लेपू असतो. लेपू म्हणजे दगडासारखा दिसणारा मासा; अर्धा रेतीत पुरलेला, पाठीवर विषाचे काटे. हाबेल ओपा, आमच्या होडीचा म्हातारा सुकाणूवाला, ज्याला नातवंडं नसूनही सगळं गाव ओपा म्हणतं, त्याचा पाय एकदा लेपूवर पडला. विष उतरावं म्हणून चटका बसेलसं पाणी ओतत होते त्या पायावर, आणि तो ओरडत होता ते पलीकडच्या वाडीत ऐकू गेलं. दोन बोटं गेली. तो दणकट गडी होता म्हणून वाचला.

योसिना जागा ठोकत होती. न बघता. म्हणजे बघत होती, पण दिसत नव्हतं. पाहुण्याचं कोपर टेकलं आणि काही झालं नाही की ती मनात देवाचं नाव घ्यायची. आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात. सात महिने त्याने राखल्या.

मग लिनबाई आल्या.

लिनबाई तैवानच्या. वय एकाहत्तर, शाळेत मास्तरीण होत्या, गुडघे गेलेले. रंगीत म्हाकूळ बघायला त्या तिसऱ्यांदा आल्या होत्या. आधीच्या दोन्ही खेपांना ते दिसलं नाही. आल्या त्या योसिनाच्याच नावाने. त्यांची कोपरं इतकी बारीक की रबरी कपड्यातूनही हाड दिसायचं. चार दिवस योसिना त्यांना फिरवत होती आणि म्हाकूळ काही भेटत नव्हतं. रेती ढवळूनही नाही. पाचवा दिवस शेवटचा. त्यानंतर विमान.

त्या सकाळी धक्क्यावर नोल्डी म्हणाला, "तांता, नांगराजवळच्या तुझ्या करवंटीखाली मादी अंडी घालतेय. काल बघितली मी. करवंटी आतून भरलीय, भिजलेल्या साबुदाण्यासारखी."

"आज असेल?"

"असेल. अंडी सोडून जाईल कुठे? आणि तुला काय सांगायचं, तू तर होडीतूनच बघशील."

तो साधेपणाने म्हणाला. तिला ते बोचलं. आज नोल्डीकडे दुसरे पाहुणे नव्हते आणि लिनबाईंचं वय बघता दोन गाईड बरे, म्हणून तोही बरोबर येणार होता. म्हणजे आज त्याच्यासमोर सळईने ढवळताही येणार नव्हतं. होडी निघाली तशी तिची बोटं गार पडली. हाबेल ओपाने विचारलं, "काय गं पोरी, ताप आहे का?" ती म्हणाली, "वारा लागतोय." वारा नव्हता.

खाली पाणी जरा गढूळ होतं. टायर आला, पोतं आलं, नांगर आला. नांगराच्या अलीकडे दोन हातांवर करवंटी पालथी पडलेली. नोल्डी मागे दहा हातांवर थांबला. ज्याचा पाहुणा त्याने पुढे व्हायचं. योसिना करवंटीपाशी गेली. जवळ गेली तसं सगळं विरघळलं. काळी रेती, काळी ढेकळं, मधे करवंटीची तपकिरी पाठ. मादी कुठे? ती मान मागे घेऊन बघू लागली, पुढे घेऊन बघू लागली. एका ढेकळाला तिने मनात मादी मानलं. सळई पोटाशी धरून ठेवली.

लिनबाई बाजूला येऊन तरंगत राहिल्या. मुखवट्यातून त्यांचे डोळे दिसत होते, आणि ते डोळे विचारत होते: कुठे ठेवू कोपर?

काय करणार? नाही म्हणायचं? या बाई तीनदा समुद्र ओलांडून आल्यात. नोल्डी मागून बघतोय. योसिनाने करवंटीच्या उजवीकडे, एका सपाट वाटलेल्या जागी, सळईने दोनदा ठोकलं. टक, टक.

तिने सळई पुन्हा पोटाशी घेतली. लिनबाई वाकल्या. कॅमेरा पुढे केला. कोपर खाली जाऊ लागलं.

आणि तेवढ्यात करवंटीच्या डावीकडे, जिथे योसिनाने बघितलंसुद्धा नव्हतं, एक ढेकूळ पेटलं. जांभळं, पिवळं, पांढरं, सगळं एकदम. मादी सोंडा पसरून करवंटीला चिकटून उभी राहिली होती, आणि लाल टोकं उजवीकडच्या, ठोकलेल्या जागेकडे रोखलेली.

योसिना क्षणभर सुखावली: दिसली. मग तिच्या अंगावर काटा आला. सळई तर माझ्या पोटाशी आहे. मी हिला डिवचलेलं नाही, नोल्डी लांब आहे, बाई अजून वरच आहेत. मग ही कुणाला घाबरली?

विचार पुरा व्हायच्या आत तिने लिनबाईंच्या पाठीवरच्या टाकीचं तोंड धरलं आणि त्यांना खसकन वर ओढलं. पाहुण्याला असं ओढत नाहीत. बाईंचा कॅमेरा कपाळावर आदळला, तोंडातली नळी सुटता सुटता राहिली, रेतीचा ढग उठला. तो ढग बसायला लागला तसं दोघींना वरून दिसलं. ठोकलेल्या जागेपासून चार बोटांवर रेती उकलली होती आणि तीतून काट्यांची रांग उभी राहिली होती, कोंबड्याच्या तुऱ्यासारखी. लेपू. हाताएवढा. करवंटीला पोट लावून बसला होता, आणि सळईच्या आवाजाने जागा झाला होता.

नोल्डीने जवळ येऊन त्याच्याकडे बघितलं, योसिनाकडे बघितलं, आणि दोन्ही हात जोडून डोक्याला लावले.

वर होडीत आल्यावर तर त्याला थांबवणं कठीण झालं. "ओपा, तुला सांगतो, रेती नुसती सपाट! मी दहा हातांवर होतो, मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. आणि हिने बाईला अशी उचलली, घारीने पिल्लू उचलावं तशी. डोळे आहेत का काय आहेत तांता तुझे?"

हाबेल ओपाने आपला दोन बोटं गेलेला पाय जवळ घेतला आणि त्यावरून हात फिरवला. "माझ्या वेळी तू असतीस तर," एवढंच तो म्हणाला. मग त्याने गोरोहो केळ्याचे तळलेले काप आणि मिरचीचा ठेचा तिच्यापुढे सरकवला. आधी तिच्यापुढे, मग पाहुणीपुढे. असं तो कधी करत नाही.

योसिनाचे दात वाजत होते. टॉवेल दोन गुंडाळले तरी वाजत होते. तिला वाटत होतं, आता सुटले. आता वर्षभर कुणी शंका घेणार नाही. उद्या सगळं बेट सांगत सुटेल ससाणीची गोष्ट. आणि हे सुख मनात येताच तिची भीती दुप्पट झाली, कारण आता जो येईल तो डोळे मिटून कोपर टेकणार होता.

लिनबाई समोरच्या फळीवर बसल्या होत्या. कपाळावर टेंगूळ आलं होतं, पण चेहरा उजळला होता. ओढाओढीत त्यांचं बोट कॅमेऱ्यावर दाबलं गेलं होतं आणि एक फोटो निघाला होता. जरा हललेला, पण सगळे रंग आलेला. त्यांनी तो योसिनापुढे धरला. पाहुण्यांची भाषा होडीत तिला एकटीलाच धड येत होती. नोल्डीला फक्त माशांची नावं यायची.

"बघ," लिनबाई म्हणाल्या. "तीन खेपा. किती आनंदात आहे बघ ती."

पडद्यावर योसिनाला नुसते डाग दिसले. ती म्हणाली, "आनंदात नाही हो. घाबरलीय."

"घाबरलीय? पण तू तर तिला हातही लावला नाहीस."

"लेपूला घाबरली. पिल्लं आहेत ना तिची करवंटीत."

लिनबाई पुन्हा फोटो बघू लागल्या. मग त्यांनी कॅमेरा मांडीवर ठेवला आणि योसिनाचा गार हात आपल्या हातात घेतला. "आपण परत जाऊ खाली. अजून एकदा नीट बघते. मी पण घाबरट आहे, खरं सांगू? पहिल्या दिवशी फार भीती वाटत होती मला. पण तू ठोकतेस ना, तिथे मी डोळे मिटून कोपर ठेवते. तू असलीस की मला काही होणार नाही."

योसिनाने हात काढून घेतला.

"मला लेपू दिसला नव्हता," ती म्हणाली.

"हो, फार लपलेला होता."

"तसं नाही. मला मादी पण दिसली नव्हती. मला ती जागाच दिसत नव्हती. मी नुसतं ठोकलं. ती घाबरली म्हणून मला कळलं."

लिनबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं. ते काढायचं त्या विसरल्या होत्या. "आज पाणी गढूळ होतं," त्या म्हणाल्या.

"पाणी नाही. डोळे. मला जवळचं दिसत नाही."

होडी हलत होती. नोल्डी ठेचा बोटाने चाटत विचारत होता, "काय म्हणतायत बाई? खूश आहेत ना?"

"आणि काल?" लिनबाईंनी विचारलं. मास्तरीण वर्गात विचारते तसं, हळू आणि स्वच्छ. "काल तू मला चारदा जागा दाखवलीस. टायरजवळ. त्या पोत्याजवळ."

"नव्हती दिसत."

"परवा?"

"नाही."

"पहिल्या दिवशी? जेव्हा मी म्हणाले की मला भीती वाटते?"

योसिनाने नकारार्थी मान हलवली.

लिनबाईंनी मांडीवरचा कॅमेरा बंद केला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. नोल्डी आता उठून उभा राहिला होता. "तांता, काय झालं? काय सांगितलंस तू त्यांना?" आणि तेच सगळं तिला आपल्या भाषेत पुन्हा सांगावं लागलं, नोल्डीसमोर, हाबेल ओपासमोर. "मला दिसत नाही, नोल्डी. सात महिने झाले." जे शब्द कुणाच्या कानावर पडू नयेत म्हणून ती सात महिने जळत होती, ते शब्द पडले. नोल्डी खाली बसला. ओपाने इंजिन चालू केलं आणि होडीचं तोंड धक्क्याकडे वळवलं. तिला वाटलं होतं तसं काही झालं नाही. आभाळ कोसळलं नाही, कुणी सळई मागितली नाही. ती तिनेच कमरेची सोडून नोल्डीच्या पायाशी ठेवली.

पण तिचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. समोर लिनबाई थरथरायला लागल्या होत्या. आधी ओठ, मग खांदे. त्यांनी रबरी बाही वर सरकवली आणि उजवं कोपर डाव्या पंजात धरलं, पडलेल्या पोराचं धरतात तसं, आणि अंगठ्याने ते चाचपू लागल्या, पुन्हा पुन्हा, कुठे काही टोचलंय का बघितल्यासारखं. सात महिने योसिना घाबरत होती ती स्वतःसाठी. ज्यांनी खरं घाबरायला हवं होतं त्या आज समोर बसल्या होत्या. मधे दोन-अडीच हातांचं अंतर होतं, आणि तेवढ्या लांबून तिला सगळं स्वच्छ दिसत होतं: पातळ कातडी, तिच्यावरच्या सुरकुत्या, रेतीचे चार काळे कण, आणि त्यांच्यावरून फिरणारा तो अंगठा.